दहावी खाच

“पण उतरायचं तुम्हाला सांगितलं कुणी?” दीप्तीनं विचारलं, आणि मेघनाला आपल्या कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं जाणवलं. नौपाड्यातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात खिडकीतून खालच्या भांड्यांच्या दुकानातला आवाज येत होता. कुणीतरी पातेल्यांवर नाव घालून घेत होतं, त्याची टिकटिक. भिंतीवर उभी लाकडी फळी, फळीला खालून वर दहा खाचा, आणि नवव्या खाचेत बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं. त्यांनी मोठ्यानं “नऊ” म्हटलं होतं, मग श्वास घेऊन बोटं एक खाच खाली आणत “आठ” म्हटलं होतं, आणि तिथेच दीप्तीनं त्यांना थांबवलं होतं. बोटं आठव्या खाचेत तशीच ठेवून बाबा मान वळवून म्हणाले, “आमच्या घरी तशी पद्धतच आहे, मॅडम. वर गेलेला माणूस खाली आला म्हणजे बरं असतं.” दीप्ती हसली, पण तिनं त्यांचा डावा हात धरून उजव्या मनगटाखाली नेला आणि उजवा अलगद खाली उतरवून घेतला. “काका, चढताना खांदा मोकळा होतो. आपलं काम तेवढंच. एकेक खाच उतरायला लागलात की सगळा भार त्याच दुखऱ्या खांद्यावर. आणि आपल्याला परत उतरायचंय हे डोक्यात असलं की माणूस हात राखून चढतो. तुम्ही दहाला अडत नाही आहात. नवावरून परत फिरताय. किती दिवस करताय असं?” “सुरुवातीपासून,” बाबा म्हणाले. मेघनाकडे त्यांनी बघितलंही नाही. न बघण्यात इतकी सफाई होती, की ते आपल्याला पाठीशी घालताहेत हे तिला त्याच क्षणी कळलं.

उतरायचं मेघनानं सांगितलं होतं. बाबांचा, म्हणजे चांगदेव ओव्हाळांचा, उजवा खांदा फेब्रुवारीत आखडला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दीप्तीकडे पाठवलं. दीप्तीनं फळी दाखवली. कोलशेतला त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या कुंडलिकनं तशीच एक फळी सागाच्या तुकड्यातून कोरून स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ठोकून दिली. पहिल्या आठवड्यात बाबा चौथ्या खाचेपर्यंत जायचे. एका सकाळी मेघना कॉलेजला निघण्याच्या गडबडीत केस पुसत तिथून जात होती, आणि दुखऱ्या हाताला धीर देत बाबा हळूहळू मोजत होते, एक, दोन, तीन, चार, आणि मग हात कसा सोडावा ते न कळून, तीन, दोन, एक. ती थांबली. तिच्या डोक्यात ते आकडे एका ओळीत उभे राहिले : १२३४३२१. म्हणजे अकराशे अकराचा वर्ग. डोंबिवलीच्या कॉलेजात सोळा वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला ही गोष्ट नवीन नव्हती, पण आजवर ती फळ्यावर असायची. आज ती बनियन घातलेल्या वडिलांच्या तोंडून, वेदनेमुळे जरा थांबत थांबत बाहेर पडली होती. “बाबा, असंच करत जा,” ती म्हणाली होती. “चढायचं तसंच उतरायचं. मोजत.” “का गं?” “छान वाटतं.” एवढंच कारण तिनं दिलं होतं, आणि बाबांना तेवढं पुरलं होतं.

खाली रिक्षा मिळाली. “कोलशेत,” बाबा म्हणाले आणि उजवा हात मांडीवर नीट ठेवून बसले, शेजारी ठेवलेल्या पिशवीसारखा. रिक्षा निघाली तशी मेघनाला वाटलं, आता बोलावं. पण शब्दांऐवजी आकडेच आले. तिचं हे लहानपणापासूनच होतं. कुठे अवघडलं की ती समोरच्या गाडीचा नंबर घेऊन त्याला सातानं भागायची, मग अकरानं, मग तेरानं. तशी ती आता नवापर्यंतचीच संख्या मनात फिरवत बसली. दोनपर्यंत जाऊन परत या, एकशे एकवीस, अकराचा वर्ग. तीनपर्यंत, एकशे अकराचा. प्रत्येक नव्या खाचेला वर्गातल्या एकांच्या रांगेत एक नवा एक येऊन उभा राहायचा, कवायतीला उशिरा आलेल्या पोरासारखा, आणि संख्या पुन्हा चौरस, आटोपशीर, कुठेही फोडता येईल अशी. नवापर्यंत जाऊन आलं की नऊ एकांचा वर्ग. नवाच्या पाढ्यात आहे, सदतिसाच्या पाढ्यात आहे, कितीतरी पाढ्यांत आहे. बाबांचा खांदा दर पाच-सहा दिवसांनी एका खाचेनं मोकळा होत होता आणि घरात एकामागून एक वर्ग तयार होत होते, आणि हे घरात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मग दहावी खाच. दहा हा आकडा नाही, दोन आकडे आहेत, आणि त्या दोघांनी सगळी कवायत मोडते. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस आकडी. मोजणारा चढला तसाच उतरला आहे, पण आकडे उलटीकडून वाचले तर मधोमध ठेच लागते, दहाच्या जागी शून्य-एक येतं. आरशासारखी दिसते आणि आरसा नाही. आणि कुठल्याही पाढ्यात नाही. दोनाच्या नाही, तीनाच्या नाही, साताच्या नाही, अकराच्या नाही, कशाच्याच नाही. मूळ संख्या.

हे तिनं स्टाफरूममध्ये संगणकावर तपासून घेतलं होतं. एंटरवरून बोट उचलायच्या आत उत्तर आलं होतं. तेच पाढे म्हणत तपासायचं तर साडेतीन अब्जांपर्यंतचे पाढे लागले असते. एका सेकंदाला एक पाढा धरला तरी शंभराच्या वर वर्षं. पण तिला आवडायची ती दुसरी गोष्ट : संख्या फोडून न बघताही ती फुटकी आहे हे कळतं. दोनाला स्वतःनं गुणत जायचं, संख्येपेक्षा एकानं कमी इतके दोन घ्यायचे, आणि आलेल्या गुणाकाराला त्या संख्येनं भागायचं. संख्या मूळ असेल तर बाकी एकच उरते. एकाहून वेगळं काही उरलं तर संख्या फुटकी, मग तिचे तुकडे कुणाला सापडोत न सापडोत. ती दर वर्षी हे वर्गात सांगायची आणि दर वर्षी पोरं म्हणायची, मॅडम, तुकडे दिसत नाहीत तर मानायचं कसं? आज दीप्तीनं तिला मानायला लावलं होतं. एकच खाच बघून. नऊ, आठ, थांबा.

माजिवड्याला पुलाखाली रिक्षा अडकली. पुढे टँकर, बाजूला टँकर. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि कानात तारा घातल्या. एप्रिलचं ऊन रिक्षाच्या पडद्यावरून आत झिरपत होतं. बाबांनी डाव्या हातानं खिशातून चिंचोके काढले आणि बोटांत फिरवत बसले. हे चिंचोके सहा होते, आणि एरवी ते त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यातून बाहेर यायचे ते फक्त मैदानावर; प्रत्येक चेंडूला एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्यात. कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात ते तीस वर्षं होते, पण लोक त्यांना ओळखायचे ते पंच म्हणून. खाडीकडच्या मैदानात टेनिस चेंडूचे सामने चालायचे, आणि ओव्हाळकाका उभे असले की बाचाबाची होत नाही असा त्यांचा लौकिक. सातवी-आठवीत मेघना धावफलक लिहायला बसायची. बाबा तिच्याकडे वळून खूण करायचे, तिनं लिहायचं आणि हात वर करून पोचल्याचं सांगायचं. तिचा हात वर होईपर्यंत ते पुढचा चेंडू टाकू द्यायचे नाहीत. मैदानभर लोक ओरडत असायचे, गोलंदाज वैतागून उभा असायचा, आणि तो माणूस बावीस यार्डांपलीकडून एका वेणीवाल्या मुलीच्या हाताची वाट बघत उभा. एवढं महत्त्व तिला पुढे कधीच मिळालं नाही, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सामन्याला ती मैदानावर होती. फलंदाजानं चेंडू थेट रस्त्यापलीकडे भिरकावला. बाबांनी दोन्ही हात वर करायला घेतले. डावा गेला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि आडवाच राहिला. एक हात आभाळाकडे, एक खाडीकडे. धावफलकावरचा मुलगा ओरडला, “काका, सिक्स की वाइड?” आणि सगळं मैदान हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. बाबाही हसले, तोंडानं “सहा, सहा” म्हणाले. पण पुढचं षटक त्यांनी चिंचोके खिशातून खिशात टाकलेच नाहीत, नुसते मुठीत धरून उभे राहिले, आणि ते तिनं बघितलं. मार्चमध्ये समितीचा राकेश घरी आला. जयंतीच्या चषकाचं बघणारा, चांगला पोरगा, वाकून नमस्कार करणारा. म्हणाला, “काका, यंदा तुम्ही प्रमुख पाहुणे. खुर्ची, शाल, सगळं.” बाबांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, “खुर्चीवरून एलबीडब्ल्यू दिसतो का रे?” शेवटी असं ठरलं, की सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी तो येऊन बघेल, हात कानाच्या वर गेला तर काका पंच, नाही तर पाहुणे. तो शुक्रवार आज होता. आणि बाबांचा हात नवव्या खाचेत असताना बरोबर कानाला लागत होता. वर नव्हता. आठवडा झाला, तिथेच होता. आठवडाभर ती रोज सकाळी दात घासत दाराशी उभी राहायची आणि मनात म्हणायची, आज दहा, आज मूळ. तिला दहावी खाच हवी होती. बाबांनाही दहावीच हवी होती. दोघांना एकच गोष्ट हवी असल्यासारखं तिला वाटत राहिलं, यातच सगळी चूक होती.

“बाबा,” ती म्हणाली, “उतरायचं मी सांगितलं होतं.”

“हो, होतो की मी तिथे.”

“मग दीप्तीला सांगितलं का नाहीत?”

“काय सांगायचं? प्राध्यापक मुलीनं उतरवलं म्हणून? फी वाढवली असती तिनं.” त्यांनी चिंचोके खिशात टाकले. “तू रोज सकाळी ब्रश तोंडात धरून उभी राहायचीस. फेस गळायचा हनुवटीवरून, तुझं लक्ष नसायचं. म्हटलं, बारावीच्या निकालानंतर ही एवढी खूश पहिल्यांदाच दिसतेय, होऊ दे. पण काय बघायचीस, ते मात्र मला कळलं नाही.”

टँकर हलायची चिन्हं नव्हती, म्हणून तिनं सांगितलं. वर्ग, एकांची रांग, मग दहा, मग कुठल्याच पाढ्यात न येणारी. बाबा दोन्ही कर्णधारांचं ऐकायचे तसं ऐकत होते, चेहरा कोरा ठेवून. तिनं त्या संख्येच्या शेजारणीचंही सांगितलं : हिच्याहून एकानं लहान असलेली संख्या दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा, सगळ्यांच्या पाढ्यांत आहे, फक्त साताशी तिचं जमत नाही. “आपल्या वरच्या मजल्यावरच्या रुपालीसारखी,” बाबा म्हणाले, “सगळ्यांच्या घरी हळदीला. आणि ही आपली दार लावून बसलेली.” “तशीच.” “मग दहाच्या पुढे? अकरा, बारा?” “पुढे फुटतात सगळ्या. बघत गेलेत लोक संगणक लावून. यानंतर तशी सापडली ती एकदम दोन हजार चारशे शेहेचाळीसपर्यंत चढून उतरल्यावर. सतरा हजारांवर आकडे आहेत तिच्यात. तीही मूळ असावी, असं म्हणतात.” बाबांनी पुलाच्या खांबाकडे बघितलं, खालून वर. “एवढी उंच भिंत नाही आपल्याकडे,” ते म्हणाले. रिक्षावाल्याच्या कानात तारा होत्या तरी तो हसला. म्हणजे तारांमध्ये गाणं नव्हतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

पूल मागे पडला, वारा लागला, खाडीचा तो ओळखीचा वास आला, आणि मेघनाला हलकं वाटायच्या ऐवजी अजूनच चोरट्यासारखं वाटलं. बाबांनी माफ केलं म्हणून नव्हे; माफ करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पण आज संध्याकाळी ते चढणार होते आणि उतरणार नव्हते. दीप्तीनं सांगितलं होतं तसं, दहा म्हणून डाव्या हातानं उजवा खाली. म्हणजे एक दोन तीन करत दहा, आणि बस. शेवटी शून्य असलेली संख्या. बाजारात कुठेही मिळते तशी. तिला उरलेला, उतरणारा अर्धा भाग हवा होता, आणि वडिलांच्या खांद्यातून आपण संख्येचा अर्धा भाग मागतो आहोत हे कळूनही हवा होता. ही हाव कुठली? चाळीशी उलटलेली बाई, नोकरी पक्की, पेन्शन पक्की, आणि हाव कशाची तर एका उच्चाराची. आई म्हणायची, तुझ्या डोक्यात एवढी जागा कुणासाठी ठेवली आहेस, भाड्यानं तरी दे. मग तिच्या मनात आलं, उतरायला बोटं कशाला लागतात? चढणं बाबांचं, उतरणं मी मोजीन. मनातल्या मनात, ओठ न हलवता. कुणाच्याही खांद्यावर भार नाही. हे तिला इतकं चोख वाटलं की ती रिक्षात एकटीच हसली आणि बाबा म्हणाले, “काय गं?” “काही नाही.” “म्हणजे आकडेच.”

राकेश आधीच येऊन बसला होता. “जय भीम, काका. जय भीम, ताई.” आई, रमाबाई, त्याला पोहे देऊन स्वयंपाकघरात पुन्हा कढईकडे गेली होती, पाहुणा एक असला तरी ती चार माणसांचं करायची. “काका, टेन्शन नका घेऊ,” राकेश म्हणाला, “खुर्ची पण बुक आहे, टोपी पण आहे. जे होईल ते.” “खुर्चीवर तू बस,” बाबा म्हणाले, “आणि पोहे संपव आधी, नाही तर आमची ही तुला सामन्यापर्यंत सोडणार नाही.” त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, पुसले, सदरा काढून खुंटीला लावला. हे सगळं नेहमीच्या संथपणानं, नाणेफेकीच्या आधी करायचे तसं. मग फळीसमोर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. राकेशनं बशी मांडीवर ठेवली आणि चमचा हातात तसाच धरला. मेघना दाराच्या चौकटीला टेकली.

“एक,” बाबा म्हणाले. दोन, तीन, चार सहज गेले. पाच, सहा. सातला त्यांनी एकदा खांदा खाली सोडून पुन्हा घेतला. आठ. तिच्या लक्षात आलं की ते वेगळे चढताहेत. रोज आठच्या पुढे बोटं खाचेत रुतवून, परतीची वाट धरून ठेवल्यासारखी जायची. आज ती नुसती टेकत होती आणि सोडत होती. नऊ. हात कानाला लागला. बनियनच्या बाहीखाली पांढरे केस दिसले, आणि काखेतली कातडी, सैल, हलणारी, जी रोज सकाळी समोर असूनही तिनं कधी नीट बघितली नव्हती. पंच म्हणून ते नेहमी पूर्ण बाह्यांत. तिला एकदम भीती वाटली, त्यांचं वय तिथे लपून बसलं होतं म्हणून. स्वयंपाकघरात फोडणी तडतडली आणि थांबली. आईही दारात आली असावी. बाबांनी नाकानं श्वास घेतला, टाचा उचलायचा मोह झाला तो आवरला, टाचा जमिनीवरच ठेवल्या, आणि बोटं वर सरकली. “दहा.”

नऊ, मेघनानं मनात सुरू केलं. आठ. सात. आता ते डावा हात नेतील उजव्याखाली, आणि तोपर्यंत आपण एकपर्यंत पोचू, आणि या घरात, पोह्यांच्या वासात, राकेशच्या चमच्यासमोर, कुणालाही न कळता ती पूर्ण होईल. सहा. पण डावा हात हलला नाही. बाबांची बोटं दहाव्या खाचेतून निघाली, फळीची वरची कड ओलांडली आणि कोऱ्या भिंतीवर, कुंडलिकनं कोरलेलं काहीही नसलेल्या चुन्यावर जाऊन टेकली.

“अकरा,” ते म्हणाले.

हात कानाच्या चांगला वर होता. राकेशच्या बशीत चमचा पडला. “झालं ना काका, झालं! उद्या टोपी आणून देतो. उतरवा आता.” बाबा उतरवेनात. कपाळावर घाम आला होता, ओठ आवळले होते, पण डोळ्यांत तो भाव होता, जो एखाद्यानं उगाच अपील केल्यावर यायचा. मेघना सहावर अडकून पडली होती. पाच म्हणायला काहीच हरकत नव्हती. कुणाला कळलं नसतं. पण बाबा तिच्या मोजण्याच्या बाहेर जाऊन उभे होते, आणि तिथून त्यांच्यामागे उतरणारं गणित वेगळं होतं, तिनं तेही कधीच तपासून ठेवलेलं होतं. तिनं मनातले नऊ, आठ, सात, सहा सोडून दिले. ते कुठे गेले कुणास ठाऊक.

“बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “आता इथून उतरलात तर ती साताच्या पाढ्यात जाते.”

“कोण?”

“तुमची संख्या.”

बाबांनी भिंतीवरची बोटं न हलवता जरा विचार केला.

“बरं होईल,” ते म्हणाले, “एकटी होती बिचारी.”

आईला आधी हसू फुटलं, मग राकेशला, का ते न कळताच, आणि मग मेघनाला. तिला चौकट धरावी लागली. “हसवू नका रे,” बाबा भिंतीला म्हणाले, “हात खाली येईल.”